येळवशीची आंबील आणि पाच हॉर्सपॉवर

आंबील पिऊन माणसाने शब्द देऊ नये. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची, ताकात आंबवलेली, लसूण-जिऱ्याची. तिच्यात नशा नसते हे मलाही ठाऊक आहे. पण येळवशीच्या दुपारी, चिंचेच्या सावलीत, भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांवर तिचे चार तांबे रिचवले, की बँकेतून निवृत्त झालेल्या माणसालासुद्धा आपल्या हातात काहीतरी हुन्नर आहे असं वाटायला लागतं. मला तसं वाटलं. आणि ते मी मोठ्याने बोललो.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडची आणि त्याला लागून असलेल्या नांदेडकडची गावं रिकामी होऊन शेतात जातात. कडब्याची कोप करायची, पांडव मांडून पूजा करायची आणि ओळखीचा-अनोळखी जो दिसेल त्याला जेवायला बसवायचं. लातूर शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखे रस्ते दिसतात. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, नांदेड आणि लातूर यांच्या बरोबर मधे. लग्नाचा बस्ता नांदेडला बांधायचा आणि पोरांना ट्यूशनला लातूरला घालायचं, अशी आमच्याकडची जुनी वाटणी आहे.

तर जेवणं झाली होती. पाहुणे आडवे झाले होते. दादा मात्र बांधावर बसून हरभऱ्याकडे बघत होता. डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळून आठ दिवस झाले होते. मराठवाड्यात "कसं काय?" याला "बरंय" हे एक उत्तर आणि "डीपी जळालीय" हे दुसरं. दुसरं दिलं की पुढचं कुणी विचारत नाही. बोअरमध्ये पाणी, बोअरमध्ये मोटर, आणि मोटरला लाईट नाही. हरभरा घाट्यात आलेला. एक पाणी मिळालं तर घाटा भरणार, नाही मिळालं तर नुसतं टरफल.

"आपलं इंजन चालू करू की," मी म्हणालो. "त्यात काय एवढं?"

आडवे झालेले पाहुणे उठून बसले.

इंजन विहिरीच्या कडेला पत्र्याच्या खोपटात होतं. म्हणजे पत्रे होते, आणि त्यांच्याखाली काहीतरी होतं. त्यावर पाहुण्यांनी शर्ट वाळत घातले होते आणि त्याच्या फ्लायव्हीलवर बसून एक जावई पान लावत होते. दादाने एकदा इंजनाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पंचवीस वर्षं झाली त्याला बंद होऊन," तो म्हणाला. "तू बँकेत चिकटलास तवाबी ते चालू होतं आन् तुला तवाबी चालू करता येत नव्हतं."

मोठा भाऊ खरं बोलायला लागला की धाकट्याला माघार घेता येत नाही. मी सगळ्या भावकीसमोर सांगितलं, की हरभऱ्याला पाणी देईन ते याच इंजनाने.

*

हे इंजन वडिलांनी 1976 साली घेतलं. किर्लोस्करचं, पाच हॉर्सपॉवरचं, भूविकास बँकेच्या कर्जावर. विहीर त्याआधीची, बहात्तरच्या दुष्काळानंतर खोदलेली. तोवर मोट होती. मोटेला दोन बैल आणि एक माणूस लागायचा, आणि माणूस गाणं म्हणायचा. इंजनाला डिझेल लागायचं आणि गाणं ते स्वतःच म्हणायचं.

आजोबांचा मात्र इंजनाला विरोध होता. धुराने पाणी बाटतं, आणि बाटलेल्या पाण्यावर आलेली ज्वारी पित्त करते, असं त्यांचं म्हणणं. मला याची फार वर्षं लाज वाटत असे. पुढे वाचनात आलं, की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि 1946 साली पुण्यात ऑइल इंजनांची कंपनी निघाली. एवढी वर्षं त्या घराण्याने आजोबांसारख्या लोकांशी वाद घालण्यात घालवली असणार. आजोबांनी तरी विरोध दोनच दिवस केला. तिसऱ्या दिवशी त्यांना गरम पाण्याचा शोध लागला.

हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या इंजनाला थंड ठेवायला पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी त्याच्या अंगातून फिरवलेली असते. आत जाताना पाणी विहिरीचं, बाहेर पडताना अंघोळीचं. पौषातल्या पहाटे शेतात दात वाजत असायचे आणि खोपटाच्या मागे, अर्ध्या इंची नळीतून वाफाळतं पाणी अखंड पडत असायचं. डिझेलचा किंचित वास असलेलं. आजोबा त्याखाली उकिडवे बसायचे आणि "बाटलंय, बाटलंय" म्हणत तासभर अंघोळ करायचे. आम्ही पोरं रांगेत. लाकूड नाही, चूल नाही, बंब नाही. गावात सकाळी ज्याच्या अंगाला डिझेलचा वास येई, तो आमच्या शेतातून अंघोळ करून आला आहे हे कळायचं.

मग पाणी खाली गेलं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो; खरं तर तो पायपातली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो दाब फार तर दहा मीटर ढकलू शकतो. पाइप जरा गळका आणि पंप जरा थकलेला असला तर वीस-बावीस फुटांवरच हात टेकतो. म्हणून इंजन विहिरीत उतरवायचं, एक कपार करून तिथे बसवायचं. पाणी आणखी खाली गेलं की आणखी एक कपार. आमचंही एक उन्हाळाभर खाली उतरलं होतं. पण विहिरीत धूर कोंडतो. चालू इंजन बघायला खाली उतरलेली माणसं वर आली नाहीत, अशा बातम्या आमच्या भागात अधूनमधून यायच्या. वडिलांनी एक दिवस काही न बोलता चाळीस माणसं लावून इंजन वर काढलं. पुढे बोअर आलं, बोअरमध्ये मोटर आली. त्यानंतर इंजनाचं नाव कुणी काढलं नाही. एकदाच निघालं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा दादा टीव्हीकडे बघत म्हणाला, "एक इंजन पळालालंय पाणी घेऊन, आन् आपलं बसलंय पाण्यावाचून."

*

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मी, दादा आणि पुतण्या असे तिघे खोपटात शिरलो. पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, मेकॅनिकलला, तिसऱ्या वर्षाला. त्याने इंजन बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"काका, हे आमच्या लॅबमध्ये आहे! हेच! बोअर 80 मिलीमीटर, स्ट्रोक 110. पंधराशे आरपीएम, 3.7 किलोवॅट. यावर मी हीट बॅलन्स काढलाय."

मला हायसं वाटलं. "मग चालू कसं करायचं?"

"चालू मामा करायचे."

"कोणते मामा?"

"लॅबमधले. ते चालू करून द्यायचे, मग आम्ही रीडिंग घ्यायचो."

दादाने तंबाखू मळायला घेतली.

शर्ट आणि पालापाचोळा बाजूला केल्यावर लक्षात आलं, की प्रश्न इंजन चालू करण्याचा नव्हताच. तिथे इंजन नव्हतं. फ्लायव्हील होतं, कारण ते उचलत नाही. मधला लोखंडी ठोकळा होता, त्याला चिकटलेला डिझेलचा पंप आणि नोजल होतं. बाकी सगळं गेलं होतं. हँडल नाही, टाकी नाही, पट्टा नाही, सायलेन्सर नाही, एअर फिल्टर नाही. टॅपेटचं झाकणसुद्धा नाही. आत एक पाल होती. ती आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्हीच भाडं थकवलंय.

"चोरी?" मी विचारलं.

"चोरी कशाची?" दादा म्हणाला. "लोकं मागायची, आई द्यायची. पडूनच हाय म्हणायची."

एकंदरीत आमचं इंजन मेलं नव्हतं, त्याची गावात वाटणी झाली होती. आणि भाग ज्याच्या घरी गेला तिथे तो कामाला लागला होता. पंचवीस वर्षांत त्या इंजनाइतकी नोकरी मीही केली नसेल.

टाकी सापडली स्टँडवरच्या हॉटेलात. भट्टीच्या वर, भिंतीत ठोकलेली. तिला तोटी मुळातच होती, त्यामुळे चहाच्या पाण्याला सोयीची. हॉटेलवाल्याने ती काढून दिली, पण तोंड पाडून. त्याच्या चहाला आसपासच्या चार गावांत नाव होतं आणि त्या चहात नेमकं काय पडतं हे आजवर कुणाला कळलं नव्हतं. त्यालाही नाही. आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्ही बोललो नाही.

एअर फिल्टरच्या वाटीत शेजारच्या कोंबड्या पाणी पीत होत्या. टॅपेटचं झाकण पारावरच्या म्हाताऱ्यांकडे निघालं. त्यात चुना भिजवलेला होता आणि ते रिकामं करून मागायला दोन तास लागले, कारण आधी प्रत्येकाने त्यातला शेवटचा चुना वापरून घेतला. पट्ट्याचा अर्धा भाग आमच्याच फाटकाला बिजागरी म्हणून होता. रोज त्याला धक्का देऊन आत येत होतो आम्ही. उरलेल्या अर्ध्याच्या चपला झाल्या होत्या. त्या झिजल्याही होत्या.

सायलेन्सरचं प्रकरण अवघड निघालं. तो मारुतीच्या देवळावर उभा होता, त्याच्या टोकाला भोंगा बांधलेला, आणि देवळात हरिनाम सप्ताह बसलेला. मी काल्याच्या आत सायलेन्सर मागायला गेलो तेव्हा विणेकऱ्याने विणा न थांबवता माझ्याकडे जी नजर टाकली, तिच्यानंतर मी मुकाट्याने टाळ घेतले आणि पंगतीला जेवूनच परतलो. सायलेन्सर सप्ताह उठल्यावर, असं ठरलं.

राहिलं हँडल. हँडल म्हणजे दोनदा वाकवलेली जाड सळई. इंजनाला ते लावून गरगर फिरवायचं. त्याच्याशिवाय बाकी सगळं असून नसल्यासारखं. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी भावकीतल्या काकूच्या गोठ्यासमोर मी ठेचकाळलो. खाली बघितलं. म्हैस ज्या खुंट्याला बांधली होती तो खुंटा जमिनीत हातभर गेलेला आणि वरून दोनदा वाकलेला.

काकू ऐंशीच्या. "दावं निसटत नाही बग त्येच्यावरून," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुझ्या आईनं दिलाय. लाकडाचे सा खुंटे उपटले हिनं. हा नाही उपटला."

"काकू, आम्हाला लागतंय ते. दोन दिवस."

"मग म्हस?"

"दुसरा खुंटा ठोकून देतो. लाकडाचा."

काकूंनी म्हशीकडे बघितलं. म्हशीने माझ्याकडे बघितलं. मी ते बघणं गांभीर्याने घेतलं नाही, ही चूक झाली.

*

दरम्यान पिस्टन जाम होता. फ्लायव्हीलला चौघे लोंबकळले तरी हलेना. पुतण्याने मोबाइलवर शोधून काहीतरी परदेशी फवारा सांगितला. तेवढ्यात आबा आले.

आबा आमच्याकडे वीस वर्षं सालगडी होते. नांगर, पेरणी सगळं त्यांच्याकडे होतं, पण गावात त्यांची ओळख "इंजनाचे डायवर" अशी. त्या वीस वर्षांत इंजनाने त्यांचे कान नेले. आता त्यांना काही ऐकू येत नाही आणि म्हणून कुणी त्यांना काही विचारत नाही. त्यांनी हेडच्या भोकातून आत बघितलं, घासलेटची बाटली मागवली, ती आत ओतली आणि वर फडकं कोंबलं.

"आता?" मी हाताने विचारलं.

"आता घरी," आबा म्हणाले. "चार दिस. भिजू द्या. धाकलं मालक, घाई करू नगा. जाम झालेल्याला रेटलं की मोडतंय."

चार दिवस होते म्हणून मी इंजनाचा डिझेलचा पंप आणि नोजल पिशवीत घालून नांदेडची एसटी पकडली. डिझेल इंजनाची खरी करामत या दोन वस्तूंत असते. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकून जाळ करतात. डिझेलमध्ये ठिणगी नाही. नुसती हवा सोळा-सतरा पट दाबायची. ती एवढी तापते की तिच्यात डिझेलचं धुकं सोडलं की आपोआप पेटतं. हे ज्यांनी शोधलं त्या रुडॉल्फ डिझेलसाहेबांचं इंजन 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. करडई-शेंगदाण्याच्या आमच्या मुलखात ही बातमी वेळेवर पोचती तर जग वेगळं असतं, आणि भजी महाग. साहेब स्वतः 1913 च्या सप्टेंबरात एका रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसे झाले. केबिनमध्ये पलंग तसाच, झोपलेलं कुणी नाही. जिथे इंजन काढणाराच हरवला, तिथे आमचं हँडल हरवलं यात नवल काय? पण ते मी कंडक्टरला सांगितलं नाही. तो पिशवीतून डोकावणाऱ्या पितळी-लोखंडी ऐवजाकडे संशयाने बघत होता. "बॉम्ब नाही, नोजल आहे," मी म्हणालो. माळाकोळीपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

देगलूर नाक्याकडच्या एका गाळ्यात पंप-नोजलचं काम करणारे चाचा भेटले. चष्मा दोऱ्याने बांधलेला, बोटं काळी आणि आश्चर्य वाटावं इतकी नाजूक. त्यांनी पंप उघडून आतला प्लंजर दोन बोटांत धरला. करंगळीएवढा पोलादी दांडा, आरशासारखा. तो ज्या नळीत बसतो तिच्यात आणि त्याच्यात केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी फट असते. चाचांनी तो नळीत सोडला. तो पडला नाही. पिसासारखा हळूहळू, स्वतःच्या मर्जीने उतरला.

"पंप अच्छा है साब," चाचा म्हणाले. "परेशान नक्को हो. नोजल सो गया."

झोपलेलं नोजल त्यांनी रॉकेलमध्ये भिजवलं, तारेने टोचलं, तपासायच्या यंत्रावर चढवलं आणि दांडा दाबला. काटा दोनशेवर गेला. नोजल नुसतं ओलं झालं, लहान मुलाच्या नाकासारखं. पुन्हा काढलं, पुन्हा घासलं. चौथ्या वेळी एकदम "कुर्र्र" असा आवाज झाला आणि टोकातून तीन बाजूंना धुकं उडालं. मी ते बघायला हात पुढे केला तर चाचांनी माझ्या मनगटावर फटका मारला. त्या धुक्याच्या धारेत बोट गेलं तर डिझेल कातडीत घुसतं, तोफेच्या गोळ्यासारखं. मग त्यांनी डोळे मिटून आणखी दोनदा दांडा दाबला. कुर्र्र. कुर्र्र.

"सुने? बोल रा है," चाचा म्हणाले. नोजल बोलायला लागलं की बरं झालं. मी बँकेत अनेक साहेबांच्या हाताखाली काम केलं आहे, तिथे हा नियम उलटा होता.

रिंगा, गॅस्केट आणि पट्टा लातूरला मिळणार होता. गंजगोलाईत. गोलाई 1917 ची आणि तिला सोळा रस्ते. तीस वर्षं लातुरात राहूनही मी ज्या रस्त्याने आत जातो त्याने कधी बाहेर आलेलो नाही. दुकानदाराने विचारलं, "कितीचं इंजन?"

"पाचचं. शहात्तरचं."

"ओरिजनल देऊ का राजकोट?"

"एवढ्या जुन्याचं अजून मिळतं?"

"रिंगा मिळत्यात," तो पुड्या बांधत म्हणाला. "मालक मिळत नाहीत. आणून देत्यात भंगारात."

घरी बायकोने पुडी उघडली, पट्टा बघितला. "अहो, त्या हरभऱ्याचं एकूण किती होईल?" तिने विचारलं. हा प्रश्न कर्जमंजुरीच्या वेळी मी अनेकांना विचारला होता. मला विचारलेला कसा लागतो ते प्रथमच कळलं.

*

सप्ताह उठला, सायलेन्सर उतरला. घासलेटने काम केलं होतं. आबांनी फ्लायव्हीलला नुसता गुडघा टेकवला आणि ते सुस्कारा टाकून अर्धा फेरा फिरलं. पाल निघून गेली. दोन दिवस जोडणी चालली. आबा बसवायचे, पुतण्या नावं सांगायचा आणि मी पाना धरून उभा राहायचो. आबांनी सांगितलेला नंबर सोडून दुसरा.

पहिल्या दिवशी चाळीस वेळा हँडल मारलं. काही नाही. नळीत हवा धरली होती. डिझेलच्या वाटेत हवेचा एक बुडबुडा असला तरी पंप त्यालाच दाबत बसतो आणि नोजलपर्यंत काही पोचत नाही. पुतण्याने फिल्टरचा स्क्रू ढिला करून हवा काढली. बुडबुडे गेले, सलग धार आली. त्या दिवशी त्याच्या तीन वर्षांच्या फीचं मला प्रथमच समाधान वाटलं.

मग आबांनी मला हँडल धरायला शिकवलं. चार बोटं जिकडे, अंगठाही तिकडेच. दांड्याभोवती अंगठा लपेटायचा नाही. इंजन कधीकधी उलट झटका देतं. अंगठा मोकळा असला तर हँडल हातातून सुटतं, लपेटलेला असला तर मनगट सोबत नेतं. आबांनी आपला उजवा हात दाखवला. मनगट जरा तिरपं होतं. "1979," ते म्हणाले. आबांना पोरांच्या जन्माची सालं आठवत नाहीत.

डिकम्प्रेशनची कळ वर. म्हणजे आतली हवा मोकळी आणि फिरवायला हलकं. फिरवत जायचं, फिरवत जायचं, फ्लायव्हीलने वेग धरला की आबा कळ पाडणार. मी फिरवलं. खोपटाभोवती निम्मं गाव जमलं होतं. पारावरचे म्हातारे चुन्याची नवी डबी घेऊन आले होते. मी फिरवतच होतो. डोळ्यांपुढे भविष्यनिर्वाह निधी दिसायला लागला. आणि आबांनी कळ पाडली.

ठक्.

हँडल उलट उसळलं, हातातून सुटलं आणि पत्र्यावर जाऊन आदळलं. अंगठा जागेवर होता. मी तो दोनदा मोजला.

दुसऱ्या वेळी दादा आला. म्हणाला काही नाही, नुसतं दंडाने मला बाजूला सारलं. त्याने दहा-बारा फेरे दिले, कळ पडली, ठक्, ठक् ठक्, आणि सायलेन्सरमधून काळा ढग, त्यातून मारुतीच्या देवळावरचं चिमणीचं घरटं, आणि मग एकदम ठकठकठकठक!

पोरं ओरडली. मी दादाला मिठी मारणार होतो. पण ठकठक थांबेना, वाढतच चालली! ठकठकचं तडतड झालं, तडतडचं घर्रर्र. पत्रे नाचायला लागले. पाया हलला. आधी काळा, मग पांढरा धूर. "गव्हर्नर अडकला! गव्हर्नर!" पुतण्या ओरडला. मागून कुणीतरी विचारलं, "कुटं, मुंबईत?" आणि मग सगळेच पळाले. बँकेत मी आग विझवण्याचं प्रशिक्षण दोनदा घेतलेलं आहे. मी सर्वांच्या पुढे होतो.

मागे वळून बघितलं तर धुरात आबा एकटे उभे. त्यांना आवाज ऐकूच येत नव्हता, त्यामुळे ते घाबरलेही नव्हते. त्यांनी हौदातलं ओलं गोणपाट उचललं आणि इंजन जिथून हवा घेतं त्या तोंडावर थापून छातीने दाबून धरलं. हवा नाही तर जाळ नाही. इंजनाने दोन गचके दिले, खोकलं आणि थांबलं. आबांनी तळवा त्याच्या अंगावर ठेवला, जसा बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवतात.

"लई दिवसांनी उठलंय," ते म्हणाले. "पळणारच."

डिझेल कमीजास्त करणारी पट्टी जुन्या चिकट्याने अडकली होती. ती धुतली, बोटाने सरकेल अशी केली. पाण्याच्या पंपाचा फूटवॉल्व्ह वाळून गळत होता, त्यावर शेणकाला ओतला. हा उपाय पुतण्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. बादल्यांनी पाइप भरला. विहिरीत यंदा पावसाने पाणी बऱ्यापैकी वर होतं, हे आमचं नशीब. पुन्हा हँडल, पुन्हा कळ. या वेळी ठकठक एका लयीत आली आणि लयीतच राहिली. आबांनी पट्ट्यावर राळेची चिमूट टाकली. पाइप गुरगुरला. आधी हवा आली, मग एक बेडूक, मग पाणी.

पाणी पाटात गेलं, पाटातून हरभऱ्यात. सगळे तिकडे धावले. मी खोपटाच्या मागे गेलो. अर्ध्या इंची नळीतून पाणी पडत होतं, आधी गार, मग कोमट. आबा आधीच तिथे होते. धोतर खोचून उकिडवे बसले होते आणि नळीखाली दोन्ही तळवे धरून वाट बघत होते. वाफ दिसायला लागल्यावर त्यांनी तोंड धुतलं, कानांमागून हात फिरवला आणि थोडं सरकून मला जागा करून दिली. मी बूट काढले.

*

पाणी सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. शेताच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज झाला आणि बोअरच्या पायपातून मनगटाएवढी धार उडाली. नवी डीपी आली होती. मोटरला ऑटो बसवलेला, लाईट आली की आपली आपण चालू.

दादाने दोन्ही धारांकडे बघितलं. "बंद कर ते," तो म्हणाला. "तासाला लिटरभर पितंय. नव्वदच्या वर गेलंय डिझेल."

मी बंद केलं नाही. आबांनी केलं.

संध्याकाळपासून गाव यायला लागलं. हॉटेलवाला आला. त्याने प्लास्टिकची नवी टाकी लावली होती, पण चहा उतरत नव्हता, गिऱ्हाईक तक्रार करत होतं. कोंबड्यांच्या मालकिणीने वाटीबद्दल विचारलं. मंडळाची पोरं भोंगा हातात घेऊन सायलेन्सरकडे बघत उभी राहिली. दादा प्रत्येकाला "बघू, बघू" म्हणत होता.

शेवटी काकू आल्या. काठी टेकत, बांधाबांधाने. त्यांचा श्वास लागला होता.

"पोरा, झालं का तुझं इंजन चालू?"

"झालं काकू! पाणीसुद्धा दिलं हरभऱ्याला."

"दिसलालंय की. म्हणूनच म्हस हितं आलीय."

मी वळून बघितलं. पाणी पिऊन तरारलेल्या हरभऱ्याच्या मधोमध ती उभी होती. गळ्यात दावं, दाव्याच्या टोकाला मी ठोकलेला लाकडी खुंटा. घाटे अगदी भरायला आलेले. ती चाऱ्यासारखं खात नव्हती, वेचून खात होती. दादाने काठी उचलली, मग खाली ठेवली, आणि पाणी देणार असा शब्द ज्याने दिला होता त्याच्याकडे बघितलं.

आता हँडल काकूंच्या दावणीला आहे, पहिल्यासारखं हातभर खोल. बाकीचे भाग आम्ही परत दिले नाहीत. फक्त सायलेन्सर सप्ताहाला देवळात जातो आणि काल्यानंतर परत येतो. महिन्यातून एकदा तरी डीपी जळते. मग आबा पहाटे निरोप पाठवतात आणि मी लातूरहून पहिली एसटी धरतो. इंजन चालू करायचं तर आधी म्हैस सोडावी लागते, आणि हँडल परत जाईपर्यंत तिला कुणीतरी धरून उभं राहावं लागतं. ते काम माझ्याकडे आहे.